सार्वकालिक पाच विरुद्ध सार्वकालिक पाच : विश्रामबागेतील एका गेम झोनचे परीक्षण

सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेत, एका व्यापारी संकुलाच्या तळघरात गेले वर्षभर एक गेम झोन चालू आहे. फलकावर ‘गेम झोन’ या दोन शब्दांखेरीज दुसरे नाव नाही, आणि खाली उतरताना जिन्याच्या भिंतीवर ‘आत भडंग, भजी व वडापाव खाण्यास सक्त मनाई’ अशी सूचना ठळक अक्षरांत रंगवलेली आहे. सूचना वाचून मला प्रथम हसू आले. पण आत गेल्यावर एक जुना कंट्रोलर हातात आला, त्याच्या बटणांच्या फटींत बसलेला तांबूस थर दिसला आणि सूचना उशिरा रंगवली गेली असावी, एवढे कळले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी अशा ठिकाणी का गेलो हे आधी सांगायला हवे, कारण या परीक्षणातील कौतुक आणि तक्रार ही दोन्ही त्या कारणाशीच बांधलेली आहेत.

माझा भाचा येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी महाविद्यालयात असताना सिमेंटच्या कोर्टवर, जाळी नसलेल्या रिंगखाली बास्केटबॉल खेळलो आणि अमेरिकेतले सामने मित्राच्या घरी केबलवर, अर्धी झोप मोडून पाहिले; तो ते मोबाईलवर बसच्या प्रवासात पाहतो. दिवाळीत फराळाच्या ताटांवर आमचा वाद जुंपला. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगमध्ये, आजवर खेळलेल्या सगळ्यांमधून दोघांनी पाच-पाच खेळाडू निवडले, तर कोणाचा संघ जिंकेल, एवढाच प्रश्न होता. तो तुळशीचे लग्न होऊन गेले तरी मिटला नाही. या गेम झोनमधल्या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये जुने आणि नवे खेळाडू एकत्र करून आपापला संघ बांधता येतो, असे भाच्याने सांगितले, आणि एका रविवारी संध्याकाळी आम्ही तो जिना उतरलो.

प्रथम व्यवस्थेविषयी. खोलीत सहा मोठे टीव्ही आहेत, प्रत्येकासमोर दोघांना पुरेल असा सोफा आहे आणि वातानुकूलन इतके कडक आहे की दुसऱ्या खेपेस मी स्वेटर घेऊन गेलो. एका कंट्रोलरचा दर तासाला ६० रुपये आणि दोघांनी मिळून खेळल्यास १०० रुपये आहे. काउंटरवरचा तरुण वागायला सौजन्यशील आहे आणि त्याला आपल्या यंत्रांची खरोखर माहिती आहे. आम्ही बसलो त्या टीव्हीवर बटण सोडणे आणि पडद्यावर चेंडू हातातून सुटणे यांत जाणवण्याइतके अंतर पडत होते. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी त्यावर जी प्रक्रिया करतो तिच्यात हा वेळ जातो, आणि शॉटचे सगळे गणित बटण नेमक्या क्षणी सोडण्यावर असल्याने इतर खेळांत खपून जाणारा हा उशीर बास्केटबॉलमध्ये घातक ठरतो. मी त्याला टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू आहे का असे विचारताच त्याने रिमोट घेऊन अर्ध्या मिनिटात तो चालू केला आणि फरक लगेच दिसला. तो आधीपासून चालू का नव्हता, हा प्रश्न मात्र राहतोच.

दुसरा दोष कंट्रोलरचा. माझ्या वाट्याला आलेल्या कंट्रोलरच्या डाव्या काठीवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते आणि हात न लावताही ती काठी किंचित डावीकडे ओढत होती. त्यामुळे भाच्याच्या संघातल्या मायकेल जॉर्डनला अडवण्यासाठी उभा केलेला माझा स्कॉटी पिपेन, म्हणजे शिकागोच्या संघातला जॉर्डनचा जुना सहकारी, सामना चालू असताना आपोआप त्याच्यापासून एकेक पाऊल दूर जात होता, जणू शिकागोतली जुनी दोस्ती त्याला आठवत होती. तक्रार केल्यावर कंट्रोलर बदलून मिळाला, पण तोवर पहिला सामना संपत आला होता आणि त्या वेळेचे पैसे कमी झाले नाहीत.

आता निवडीविषयी, कारण आम्ही पैसे मोजले ते तिच्यासाठी. अटी घरीच कागदावर लिहून घेतल्या होत्या. सामना आजच्या नियमांनी होईल. प्रत्येक खेळाडू आपल्या सर्वोत्तम हंगामातला धरला जाईल. राखीव म्हणून दोघांनीही मध्यम दर्जाच्या संघांतले सात-सात खेळाडू घ्यावेत. आणि नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिला खेळाडू घेतल्यावर दुसऱ्याने सलग दोन, मग पहिल्याने सलग दोन, असे करत जावे. भाच्याने नाणेफेक जिंकली आणि अपेक्षेप्रमाणे मायकेल जॉर्डनचे नाव घेतले. सहा विजेतेपदे, त्या सहाही अंतिम मालिकांत सर्वोत्तम खेळाडूचा मान, दहा हंगाम सर्वाधिक सरासरी गुण, आणि १९८८ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचाही पुरस्कार, अशा माणसाविरुद्ध बोलण्यासारखे काहीच नसते. मी लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी यांना घेतले. त्याने मॅजिक जॉन्सन आणि शकील ओनील घेतले, मी हकीम ओलाजुवॉन आणि पिपेन घेतले, त्याने कोबी ब्रायंट आणि विल्ट चेंबरलेन घेऊन आपले पाच पूर्ण केले, आणि माझी एक निवड उरली.

“मामा, माझी टीम नाद खुळा आहे. तुमची म्हणजे नुसता बंदोबस्त आहे,” असे तो म्हणाला, आणि नावांच्या वजनाने पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या यादीत एकाच सामन्यात १०० गुण करणारा चेंबरलेन होता, ८१ गुण करणारा कोबी होता, आणि वयाच्या विसाव्या वर्षी १९८० च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, करीम अब्दुल-जब्बार जायबंदी असताना त्याच्या जागी मध्यभागी उभा राहून ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) आणि ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) करणारा मॅजिक होता. परंतु आपल्याकडे कुंडलच्या मैदानात ज्याने कुस्त्या पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते की अनुभवी वस्ताद जोड लावताना पैलवानाचे नाव शेवटी पाहतो. आधी वजन, मग उंची, मग त्याचा हुकमी डाव कोणता आणि समोरच्याकडे त्यावर तोड आहे का, हे पाहतो. बास्केटबॉलमध्ये तर अशा पाच जोडी एकाच वेळी लागतात आणि चेंडू मात्र एकच असतो.

माझी पहिली जोड पिपेन आणि जॉर्डन. जॉर्डनला पूर्ण थोपवणे कोणालाच जमलेले नाही, पण त्याची प्रत्येक हालचाल सरावात वर्षानुवर्षे, दररोज समोरून पाहिलेला माणूस एकच आहे, आणि तो सहा फूट आठ इंच उंचीचा, लांब हातांचा, दहा वेळा सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत निवडला गेलेला खेळाडू आहे. १९९१ च्या अंतिम मालिकेत मॅजिकला अडवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर पिपेननेच केले होते, याची भाच्याने आठवण करून दिली आणि ‘मग मॅजिकला कोण धरणार?’ असे विचारले. त्यासाठी माझ्याकडे लेब्रॉन होता. मॅजिकइतकीच सहा फूट नऊ इंचांची उंची, त्याच्याहून अधिक ताकद, आणि पुढचा पास कुठे जाणार हे ओळखण्याची तीच जात, कारण तो स्वतः तसेच पास देतो.

ओलाजुवॉनच्या निवडीवर मी सर्वांत ठाम होतो आणि आजही आहे. १९९५ च्या अंतिम मालिकेत तरुण ओनील आणि ओलाजुवॉन समोरासमोर आले. ओलाजुवॉनच्या ह्यूस्टनने ओनीलच्या ऑरलँडोला ४-० असे हरवले आणि चारही सामन्यांत ओलाजुवॉनचे गुण ओनीलपेक्षा अधिक होते. ओनीलची सरासरीही २८ होती, म्हणजे त्याला कोणी बांधून ठेवले नव्हते. पण ओलाजुवॉनची ३२.८ होती, आणि मला हव्या असलेल्या जोडीचा अर्थ तोच आहे. समोरच्याला शून्यावर ठेवणारा माणूस मिळत नाही. त्याने केलेले फेडून वर चार गुण टाकणारा मिळाला की पुरे. लागोसमध्ये लहानपणी फुटबॉलचा गोलरक्षक आणि हँडबॉलपटू असलेल्या या माणसाच्या पायांत जी चपळाई होती ती सात फुटांच्या माणसात क्वचित दिसते. बोर्डाकडे पाठ करून तो एका खांद्याने डावीकडे हूल देई, समोरचा तिकडे झुकला की उजव्या पायावर गिरकी घेऊन दुसरीकडून शॉट मारी, आणि ओनीलसारखा देह एकदा चुकीच्या पायावर गेला की परत येईतो चेंडू जाळीतून खाली आलेला असे. त्याच्या नावावरचे ३,८३० ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे हवेतच अडवलेले शॉट, हा आजही विक्रम आहे.

माझ्या शेवटच्या निवडीसाठी शिल्लक होते ते लॅरी बर्ड, करीम अब्दुल-जब्बार, बिल रसेल आणि टिम डंकन. अशी नावे दहाव्या क्रमांकावर शिल्लक राहतात यातच या खेळाची गंमत आहे. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेलला सोडताना हात जड झाला. पण लांबून शॉट नसलेला आणि फ्री थ्रोत, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटमध्ये, ५६ टक्क्यांवर असलेला खेळाडू ओलाजुवॉनच्या शेजारी उभा केला तर ओनील आणि चेंबरलेन या दोघांनाही रिंगखाली आरामात थांबता आले असते. करीमचा स्कायहूक (एका हाताने डोक्यावरून मारलेला शॉट) क्वचितच कोणाला अडवता आला हे खरे, परंतु त्याची जागा आणि ओलाजुवॉनची जागा बोर्डाजवळ एकच. बर्डवर माझे मन सर्वांत अधिक रेंगाळले. १९८६, १९८७ आणि १९८८ अशी पहिली तीनही वर्षे लांबून मारायच्या, तीन गुणांच्या शॉटची स्पर्धा जिंकणारा, शिवाय पास देण्यात मॅजिकच्या तोडीचा, असा गडी करीच्या सोबत असता तर समोरच्यांना रिंगखाली पाय ठेवायला फुरसत मिळाली नसती. तरीही मी डंकन घेतला, कारण बर्डला घेतले असते तर चेंबरलेनला कोणी धरायचे या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

डंकनच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो सहसा कोणी काढत नाही. दोन उंच माणसे एकत्र खेळवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. ओलाजुवॉन तरुणपणी सात फूट चार इंचांच्या राल्फ सॅम्पसनच्या शेजारी खेळला आणि ती जोडी १९८६ मध्ये अंतिम मालिकेपर्यंत गेली; डंकन डेव्हिड रॉबिन्सनच्या शेजारी खेळला आणि त्या जोडीने १९९९ व २००३ ची विजेतेपदे जिंकली. एकाने रिंगखाली राहायचे आणि दुसऱ्याने पंधरा-सतरा फुटांवर येऊन जागा मोकळी करायची, हे दोघांच्याही अंगवळणी पडलेले आहे, आणि डंकनचा बोर्डाच्या कोपऱ्यावर आपटून जाळीत जाणारा शॉट तर त्याच अंतरावरचा. ओनील आणि चेंबरलेन या दोघांनीही आयुष्यभर रिंगखालची सगळी जागा एकट्याच्या मालकीची मानली. चेंबरलेनमुळे तर १९६४ मध्ये रिंगसमोरचा पट्टा बारा फुटांवरून सोळा फूट रुंद करावा लागला. दोघे एका संघात आले की ते समोरच्या संघाच्या नव्हे, एकमेकांच्या मार्गात उभे राहणार, असे माझे म्हणणे होते. जॉर्डन आणि कोबी यांचेही तसेच. दोघांना चेंडू हवा तो बाजूला, त्याच अंतरावर, आणि दोघांचाही हुकमी शॉट मागे झेपावत मारलेला.

राहिला करी. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० च्या हंगामात आली आणि पुढची तीस वर्षे संघांनी तिच्याकडे वरणावरच्या तुपासारखे पाहिले. ती मुख्य जेवण आहे हे करीने दाखवले. २०१५-१६ च्या हंगामात त्याने असे ४०२ शॉट घातले आणि तेही ४५.४ टक्के अचूकतेने. हिशेब साधा आहे: शंभर प्रयत्नांत पंचेचाळीस शॉट गेले तर १३५ गुण होतात, आणि दोन गुणांच्या शॉटने तेवढे मिळवायचे तर शंभरात अडुसष्ट घालावे लागतात. इतक्या अचूकतेने मधल्या अंतरावरून जॉर्डनही मारत नाही. ओलाजुवॉनने रेषेच्या बाहेर येऊन करीसाठी आडोसा धरला की ओनीलला दोनच वाटा उरतात. एक तर रिंग सोडून तीस फुटांवर धावत यायचे आणि पाठीमागची जागा उघडी टाकायची, किंवा आपल्या जागेवर राहून करीला मोकळा शॉट द्यायचा. पाहुणा जेवायला बसल्यावर दार उघडायला उठलात तर ताट मांजर नेते आणि न उठलात तर दुसरा पाहुणा दाराशी ताटकळतो, तसा हा प्रकार आहे.

करीचा दुसरा अर्थही मी लपवणार नाही. बचावात त्याच्यासमोर कोबी होता, आणि ती जोड माझ्या अंगावर येणारी होती. २०१६ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने करीलाच हेरून त्याच्यावर चाल केली होती आणि ३-१ अशा पिछाडीवरून विजेतेपद नेले होते, तेही करीच्या ज्या संघाने नियमित हंगामात ७३ सामने जिंकले होते त्याच्याकडून. माझा भरवसा एवढाच होता की कोबी करीला चुकवून आत आला की पुढे ओलाजुवॉन उभा असेल, आणि कोबीने करीच्या डोक्यावरून दोन गुण घेतले तरी दुसऱ्या बाजूला त्याची किंमत तीन गुणांनी वसूल होईल.

भाच्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा चेंबरलेनविषयीचा होता आणि तो त्याने नीट अभ्यास करून मांडला. ‘तुमचे सगळे गणित माझे उंच खेळाडू थकतील आणि फाउल करून बाहेर जातील यावर आहे,’ तो म्हणाला, ‘पण १९६१-६२ मध्ये विल्टने सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटे खेळून ५०.४ गुण केलेत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यात जादा वेळेसकट तो जवळजवळ बसलाच नाही, आणि उभ्या कारकिर्दीत तो एकदाही सहा फाउल होऊन बाहेर गेला नाही.’ या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला माझा मुद्दा तेथेच आवरता घ्यावा लागला. परंतु त्याने १९६२ चा चेंबरलेन निवडून चूक केली, असे मला वाटते. १९६६-६७ मध्ये याच माणसाने स्वतःचे शॉट कमी केले, गुणांची सरासरी २४ वर आणली, सामन्याला जवळपास आठ असिस्ट दिले आणि फिलाडेल्फियाला विजेतेपद मिळवून देऊन बॉस्टनची सलग आठ विजेतेपदांची मालिका तोडली. तो चेंबरलेन ओनील, जॉर्डन आणि कोबी यांच्यामध्ये उभा असता तर मला रात्री झोप लागली नसती. पन्नास गुणांचा चेंबरलेन आला म्हणजे चेंडू मागणारे हात पाच झाले.

आणि शेवटी फ्री थ्रो. कारकिर्दीत ओनीलची अचूकता ५२.७ टक्के होती आणि चेंबरलेनची ५१.१, सामना अटीतटीला आला की त्यांच्यावर मुद्दाम फाउल करून त्यांना रेषेवर पाठवायचे, ही जुनी युक्ती आहे. आजच्या नियमांत प्रत्येक चतुर्थकाच्या अखेरच्या दोन मिनिटांत चेंडू हातात नसलेल्या खेळाडूवर असा फाउल केला तर एक फ्री थ्रो देऊन चेंडूही त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हे काम त्या दोन मिनिटांच्या आधी उरकावे लागते. माझ्या संघात करी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि बाकीचे चौघे सत्तरच्या आसपास होते, म्हणजे मीही फार फुशारकी मारावी असे नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही स्वतःच्या हातांनी दोन सामने खेळलो आणि मी दोन्ही हरलो. त्यात बास्केटबॉल शून्य होता; वीस वर्षांची बोटे सत्तेचाळीस वर्षांच्या बोटांशी खेळली आणि व्हायचे ते झाले. म्हणून मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, आम्ही पुन्हा गेलो आणि दोन्ही संघ संगणकाच्या हाती देऊन नुसते पाहायचे ठरवले. कंट्रोलरला हात न लावताही तासाचे पैसे पूर्ण द्यावे लागतील, असे काउंटरवरच्या तरुणाने आधीच स्पष्ट केले, जे मला रास्त वाटले, आणि ‘काका, मग घरीच यूट्यूबवर का बघत नाही?’ असेही विचारले, जे तितकेसे रास्त वाटले नाही.

याच ठिकाणी या सेवेतला खरा दोष उघड झाला. येथे प्रत्येक सामना पाच-पाच मिनिटांच्या चार चतुर्थकांचा लावून ठेवलेला असतो, म्हणजे एकूण वीस मिनिटांचा. वाट पाहणाऱ्या मुलांना लवकर पाळी मिळावी हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु वीस मिनिटांत कोणी थकत नाही, कोणाचे फाउल भरत नाहीत, राखीव खेळाडूंची गरज पडत नाही आणि मुद्दाम फाउल करण्याची वेळच येत नाही. वीस मिनिटांचा सामना हा मोठ्या नावांचा सामना असतो; माझा संघ अठ्ठेचाळीस मिनिटांसाठी बांधलेला होता. मंगळवारचा पहिला सामना वीस मिनिटांचा झाला आणि भाच्याने तो नऊ गुणांनी जिंकला. ओनीलने रिंगला लोंबकळून जे काही केले ते पाहून शेजारच्या सोफ्यावरची क्रिकेट खेळणारी दोन मुले आपला सामना थांबवून पाहू लागली.

मग मी पूर्ण बारा मिनिटांच्या चतुर्थकांचा सामना मागितला. तरुणाने घड्याळ पाहिले, संध्याकाळच्या नोंदी पाहिल्या आणि सहापर्यंत आटोपण्याच्या बोलीवर परवानगी दिली. तो सामना दोन तास दहा मिनिटे चालला. पहिल्या अर्ध्या भागात आम्ही अकरा गुणांनी मागे होतो आणि भाच्याने खाली न पाहता मोबाईलवर चहाची मागणी देण्याइतका निवांतपणा दाखवला. तिसऱ्या चतुर्थकात करीने लागोपाठ चार शॉट रेषेबाहेरून घातले. त्यांतला चौथा इतक्या लांबून होता की ओनील आपल्या जागेवर हात कमरेवर ठेवून नुसता उभा राहिला. शेवटची तीन मिनिटे उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. संगणकाने माझ्या संघाच्या वतीने, मला न विचारता, ओनीलवर दोनदा फाउल केला आणि मी सोफ्याच्या कडेवर येऊन बसलो.

ओनीलने चारही फ्री थ्रो घातले. संपूर्ण सामन्यात त्याने चौदापैकी अकरा घातले, आणि हे ज्याने ओनीलला पाहिले आहे त्याला कंट्रोलरच्या बिघाडाइतकेच अजब वाटेल. डंकनचा दिवस अगदी फिका गेला. पिपेनला चौथ्या चतुर्थकात सहावा फाउल मिळून बाहेर बसावे लागले आणि जॉर्डनला माझ्या राखीव खेळाडूने धरले. तरीही मी चार गुणांनी जिंकलो, कारण अखेरच्या दोन मिनिटांत कोबीने करीवरून मारलेले तीन शॉट हुकले; म्हणजे जी जोड मी स्वतः माझी दुखरी बाजू मानली होती तिनेच मला सामना दिला, आणि ज्या फ्री थ्रोंवर मी महिनाभर व्याख्यान झोडले होते त्यांनी मला जवळपास बुडवले. भाच्याने थंड झालेला चहा संपवला आणि म्हणाला, “मामा, टीम जिंकली, पण तुमचं लॉजिक हरलं.” मला यावर उत्तर सुचले नाही. ओलाजुवॉनचे ३४ गुण दाखवून मी थोडी लाज राखली, एवढेच.

ज्यांना या ठिकाणी जायचे असेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी अशा. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नये. मंगळवार ते गुरुवार दुपारी दोन ते पाच मोकळे असते. बसल्याबरोबर टीव्हीचा ‘गेम मोड’ तपासावा, दोन्ही काठ्या सोडून देऊन खेळाडू आपोआप सरकतो का ते पाहावे, आणि सरकत असल्यास वेळ सुरू होण्याआधीच कंट्रोलर बदलून मागावा. बास्केटबॉल खेळणार असाल तर चतुर्थकाची वेळ वाढवून मागा. आठ मिनिटे केलीत तरी फाउल आणि थकवा यांना अर्थ येतो आणि सामना दीड तासात बसतो. दुकानाने लांब सामन्यांसाठी दुपारचा वेगळा, थोडा कमी दर ठेवला तर माझ्यासारखी माणसे नियमाने येतील, असे मी काउंटरवर सुचवले आहे. ‘मालकांना सांगतो’ असे उत्तर मिळाले. आमचे मंगळवारचे बिल ३०० रुपये झाले, त्यात चहा वेगळा. पाचपैकी साडेतीन गुण देतो. कंट्रोलर बदलले तर चार देईन.

त्याच रात्री साडेअकराला भाच्याचा संदेश आला. त्याने कोबीला काढून बर्डला घेतले होते आणि चेंबरलेन १९६७ चा केला होता. मी कागद काढून जोडी पुन्हा लावायला बसलो आहे. मॅजिकला लेब्रॉन, जॉर्डनला पिपेन, चेंबरलेनला डंकन आणि ओनीलला ओलाजुवॉन येथवर सगळे बसते. मग सहा फूट नऊ इंचांच्या बर्डसमोर सहा फूट दोन इंचांचा करी उरतो, आणि तेथे माझी पेन्सिल गेले चार दिवस अडली आहे.